जुन्या कोठ्याचं ग्रीनहाऊस करायचं हाय, खिडक्या छपरावर टाकू का?

दारव्ह्याचं_वावर
राम राम मंडळी. वावरात आमचा जुना कोठा हाय, बैलजोडी विकल्यापासून रिकामाच. २० बाय १२ फूट, उत्तरेची भिंत मातीची दीड फूट जाड, बाकी तिन्ही बाजूंनी नुसत्या बल्ल्या अन् वरची टिनं पार सडली. डिसेंबरात मिरची-वांग्याचं बी टाकतो तं थंडीनं पंधरा-पंधरा दिवस उगवतच नाई. हीटर लावायचा नाई, रात्री लाईनचा भरोसा नाई. एक जुना वाडा पाडला त्याच्या सागाच्या ९ खिडक्या काचेसकट भेटल्या, अन् २०० लिटरचे दोन ड्रम. खिडक्या छपरावर टाकल्या तं जमंल का?

मोर्शी_नर्सरी
छपरावर काच अजिबात नको दादा. ४ एमएमची काच चौरस मीटरले १० किलो भरते, वरून सागाची चौकट, तुमच्या बल्ल्या वाकतील अन् फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तं खाली माणूस असला म्हणजे? खिडक्या दक्षिणेकडून उभ्या बसवा, डिसेंबरात भर दुपारीही सूर्य आपल्याकडे ४५ अंशावरच असते, ऊन तिकडूनच आत येते. छपराले २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म, म्हंजे उन्हात टिकणारी पन्नी. पॉलिहाऊसवाले तीन-चार वर्षांनी फिल्म बदलतात, जुनी मागून पाहा, थोडी धुरकट असली तरी रोपाले चालते. साधी पन्नी एका उन्हाळ्यात तडकते.

काटोलकर
थंडीपेक्षा उन्हाचं पाहा भाऊ. मी जानेवारीत सगळं बंद करून लग्नाले गेलो, दुपारी २ ले परत आलो तं टमाटरची ४ ट्रे रोपं शिजल्यासारखी झाली होती, इतकं वाईट वाटलं. खिडक्यांचे बिजागरे काढू नका, उघडता आल्या पाहिजेत, अन् आढ्याखाली गरम हवा जायले फट ठेवा. मार्चात फिल्म गुंडाळून ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट टाका.

वर्ध्याची_ताई
ड्रम औषधाचे असतील तर त्यातलं पाणी झाडाला घालू नका हं, फक्त उष्णतेसाठी. काळा रंग मारा, पूर्ण भरा, झाकण घट्ट लावा नाहीतर डास होतात, आणि मातीच्या भिंतीजवळ ऊन पडतं तिथंच ठेवा. भिंत आणि पाणी दिवसभर तापतात, रात्री हळूहळू सोडतात. फार नाही, दोन-तीन अंशांचाच फरक समजा, म्हणून रात्री ट्रेवर गोणपाट टाकाच. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी दिलं की बंद जागेत ओल राहते आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. बल्ल्यांना खालून डांबर लावलं का? उधई लागते.

दारव्ह्याचं_वावर
ताई, ड्रम गुळाच्या पाकाचे हायेत, औषधाचे नाई. डांबर राहिलं होतं, उद्याच लावतो. खिडक्या उभ्याच बसवतो मंग. एकच अडचण, पूर्वेले बाभूळ हाय, सकाळी ९ वाजेपर्यंत कोठ्यावर सावली. तोडावं वाटत नाई, आजोबाच्या हातची हाय.

मोर्शी_नर्सरी
तोडू नका, खालच्या फांद्या छाटा. रात्रभर गारठलेल्या ट्रेले सकाळचं कोवळं ऊनच पहिले पाहिजे. छाटलेल्या काट्या कुंपणाले लावा, बकऱ्या आत घुसत नाईत.