होटगी रोडच्या रानात स्पीडवेचा ट्रॅक: वर काय टाकू? मुरूम, कच का विटांचा चुरा?

गॅरेजवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. होटगी रोडला आमचं अडीच एकर रान पडून आहे, सगळी काळी जमीन. आम्ही चौघांनी तिथं स्पीडवेसाठी, म्हणजे सुट्या मातीवरच्या मोटारसायकल शर्यतीसाठी, 260 मीटरचा लंबगोल आखलाय, रुंदी सरासरी 10 मीटर. गाड्या आपल्या साध्याच, दोन आरएक्स, एक शोगन, एक इम्पल्स. खऱ्या स्पीडवेच्या 500 सीसीच्या, मेथॅनॉलवर पळणाऱ्या बिनब्रेकच्या गाड्या मोबाइलवरच बघतो. पण वळणात मागचं चाक बाहेर काढून आडवं जायचं वेड तेच.

दोनदा फसलोय. आधी क्रशरवरची नुसती कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, 3 इंच पसरली. पहिल्याच वळणाला पुढचं चाक सरकलं, जसा शेंगदाण्याच्या ढिगावर पाय पडावा. चुलतभावाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चुलती अजून माझ्याशी बोलत नाही. मग कच खरडून काढली आणि काळ्या मातीवरच पळवलं. एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा, आणि अवकाळी आला तेव्हा मडगार्डखाली एवढा चिखल बसला की चाकच फिरंना.

आता एकजण म्हणतो मुरूम टाक, दुसरा म्हणतो वीटभट्टीचा चुरा, तिसरा म्हणतो औष्णिक केंद्राची राख फुकटात मिळते. गाळ्याचं भाडं भागवून उरेल तेवढ्यातच करायचंय. खरं काय ते सांगा.

निवृत्त_सुपरवायझर
बाळा, रस्त्याच्या कामावर 31 वर्षं काढली, शर्यतीतलं मला काही कळत नाही. मातीतलं कळतं.

वरचं राहू दे, आधी खालचं बघ. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर सोनं पसरलंस तरी भेग वर येणारच. वरची दीड-दोन फूट उकर, तिथं जाड मुरूम भर, सहा-सहा इंचांचे थर करून पाणी मारून रोलर फिरव. मधल्या बाजूला थोडा उतार आणि आत चर ठेव. खर्चाचा मोठा भाग इथंच जाईल. इथं वाचवलंस तर पुढच्या जूनमध्ये परत इथंच लिहायला येशील.

कचेनं दगा का दिला? सगळा दाणा एकसारखा, धरून ठेवणारं बारीक काहीच नाही. मुरमाचं उलटं. एका खाणीतला खडा टणक असतो, शेजारच्या खाणीतला पाणी लागलं की लोणी. म्हणून डंपर बोलवायच्या आधी पोतंभर माल आण. काचेच्या बरणीत अर्धा भर, पाणी घाल, हलव, रात्रभर ठेव. वर बसलेला गाळाचा थर जाड दिसला तर तो माल नको. मग ओलसर करून मुठीत दाब. गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्यानं टोचल्यावर फुटला पाहिजे. चपटा झाला तर चिकणमाती जास्त, मुठीतच सांडला तर कमी.

माझ्या मते 6 मिलिमीटरखालची कच तीन भाग, चाळलेला बारीक मुरूम एक भाग. हिशेब: 2600 चौरस मीटरवर दाबून 8 सेंटीमीटर थर म्हणजे 208 घनमीटर, साधारण 74 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). सुटा माल दाबल्यावर बसतो, म्हणून 92 ब्रास धर. डंपरवाला 92 सांगून 80 टाकेल, तेव्हा मोजायला स्वतः उभा राहा.

राखेचा नाद सोड. उडती राख पिठासारखी असते, चाकामागं ढग उठेल आणि तो तुमच्याच छातीत जाईल.

परदेशी_वेल्डर
मी माळशिरसकडचा, सध्या पोलंडमध्ये. इथं स्पीडवे म्हणजे आपल्याकडची कुस्ती समजा, बाप पोराला खांद्यावर घेऊन येतो. काकांचं बरोबर आहे. जागतिक नियमातही वरच्या थरातला दाणा 7 मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही, कारण तो मागच्याच्या तोंडावर जातो. इथं ग्रॅनाइटचा चुरा दिसतो, इंग्लंडमध्ये शेल नावाच्या लालसर दगडाचा चुरा. राखेवरून आठवलं, इंग्लंडात सुरुवातीला बॉयलरमधली जळकी खडेदार राख वापरायचे. ती दाणेदार होती, पिठूळ नव्हती.

घाई मात्र करू नको. 2015 साली वॉर्साच्या मोठ्या स्टेडियममध्ये ग्रां प्रीसाठी, म्हणजे स्पीडवेच्या जागतिक स्पर्धेसाठी, तात्पुरता ट्रॅक घातला होता. स्टार्टिंग गेट बिघडलं, ट्रॅकही उखडत गेला, आणि 12 हीटनंतर (हीट म्हणजे स्पर्धेतली एकेक छोटी शर्यत) स्पर्धा थांबवावी लागली. पैसा, यंत्रं, तज्ज्ञ सगळं असून ही गत.

शिवाय प्रत्येक फेरीत माल बाहेरच्या कुंपणाकडं सरकतो. चार-पाच शर्यती झाल्या की ट्रॅक्टरमागं फळी लावून तो आत ओढावा लागतो. ते केलं नाही तर आतल्या बाजूला पाया उघडा पडेल.

तालीमवाला
आखाड्यातली तांबडी माती आम्ही ताक, तेल, हळद घालून सांभाळतो. तू हळद घालू नकोस, पण रोज पाणी आणि रोज उकरणं हे तिथंही लागेलच. विटांचा चुरा वापरणार असशील तर खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटांचा घे, कच्ची वीट पाण्यात विरघळते. पाणी कुठून आणणार? आमच्या गल्लीत नळ चार दिवसांनी येतो बे.

गॅरेजवाला_सोलापूर
सगळ्यांचे आभार. तीन खाणींचा मुरूम बरणीत घालून बघितला. पहिल्याचा गाळ दोन बोटं चढला, बाद. तिसरा बरा निघाला, मुठीत गोळा धरतो आणि टोचला की फुटतो. काका, तुमचं प्रमाण धरून फक्त एका वळणावर 15 मीटर पट्टा करतोय, सगळा ट्रॅक नंतर. पाण्याला विहीर आहे, 5000 लिटरचा टँकर भाड्यानं मिळतो. सगळ्या ट्रॅकला चौरस मीटरमागं दीड लिटर धरलं तरी एका खेपेत भागतं. धूळ बसवायला साखर कारखान्याची मळी मारायचंही कुणीतरी सुचवलं होतं, पण मुंग्या लागतील म्हणून सोडून दिलं.

आजोबांचा कुळव गोठ्यात पडलाय, माल ओढायला त्यालाच फळी ठोकतो. रोलर रविवारी येतोय. काका, जमलं तर सकाळी या, चहा-भजी माझ्याकडं. पहिली फेरी इम्पल्सवर मीच मारणार, चुलतभावाला अजून कळवलेलं नाही.