शब्दचर्चा: कार्यअहवालातली ‘जनसुरक्षा’ म्हणजे नेमकी कोणाची सुरक्षा?

गोदाकाठी

आमच्या आमदारांचा अधिवेशनाचा कार्यअहवाल घरोघरी वाटला गेला. चार गुळगुळीत पानं, निम्मी फोटोंनी भरलेली. पहिल्या पानावर ठळक ओळ: ‘जनसुरक्षा कायदा पारित, नाशिककर निर्धास्त!’ आईने वाचून विचारलं, “बँकेतून वर्षाला वीस रुपये कापतात, तीच ना ही?” शेजारच्या काकू म्हणाल्या, छे, ती विम्याची, ही सोनसाखळी चोरांसाठी असणार. कॉलेज रोडला मॉर्निंग वॉकला जाणाऱ्या बाईने दुसरा काय अर्थ काढायचा?

खरं तर हे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, माओवाद्यांसारख्या संघटनांवर बंदी घालण्यासाठीचं. त्याचा सोनसाखळीशी काही संबंध नाही. म्हणून शब्दांच्या जाणकारांना विचारतो. ‘जनसुरक्षा’ हा शब्द इथे बरोबर बसतो का? ‘पारित’ हे मराठी आहे का? आणि आत एका पानावर ‘नाशिकच्या गुन्हेगारीवर लक्षवेधी’ असं छापलंय. लक्षवेधी काय? वाक्य अर्धंच सुटलंय की काय, असं वाटलं.

निवृत्त लघुलेखक

शेवटून सुरू करतो, तो सोपा आहे. पूर्ण शब्द ‘लक्षवेधी सूचना’. तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं आणि निवेदन मागायचं. सभागृहात आणि वार्ताहर कक्षात ‘सूचना’ गळून पडली आणि विशेषणाचं नाम झालं. ‘आज माझी लक्षवेधी लागलीय’ असं आमदार सर्रास म्हणतात. बाहेरच्या मराठीत मात्र लक्षवेधी कामगिरी असते, लक्षवेधी साडी असते. तारांकित प्रश्नाचंही तसंच. ज्याच्यापुढे तारका छापतात तो तारांकित. त्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्यात पंचतारांकित काही नाही.

‘पारित’बद्दल: सभागृहात मराठीत विधेयक संमत होतं. मत घेताना अध्यक्ष म्हणतात, ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले.’ वर्तमानपत्रं ‘मंजूर’ लिहितात, तेही चांगलं आणि सगळ्यांना कळणारं. ‘पारित’ बातम्यांच्या हिंदीतून आलाय. चूक म्हणणार नाही, पण घरात दोन चांगले शब्द असताना तिसरा उसना कशाला?

जिल्हा कोर्टातला

‘पारित’पेक्षा ‘कायदा’ हा शब्द मला जास्त खटकतो. विधानसभेने हे विधेयक 10 जुलै 2025 ला मंजूर केलं, परिषदेने दुसऱ्या दिवशी. अहवाल अधिवेशन संपल्यासंपल्या छापलेला दिसतो. तेव्हा ते विधेयकच होतं. दोन्ही सभागृहं, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. त्यानंतर त्याला अधिनियम म्हणायचं. ‘कायदा’ हा बोलण्यातला शब्द, ‘अधिनियम’ कागदावरचा. पण विधेयकाला दोन्हींपैकी काहीच म्हणता येत नाही.

हा कीस वाटेल, पण ‘शक्ती कायदा’ आठवा. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी ते विधेयक मंजूर केलं. महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांना कडक शिक्षा, अगदी फाशीपर्यंत. लगेच ‘शक्ती कायदा झाला’ असे फलक लागले. केंद्राच्या फौजदारी कायद्यात बदल होता म्हणून ते राष्ट्रपतींकडे गेलं. मंजुरी काही मिळाली नाही. जो कधी कायदा झालाच नाही, त्याला लोक वर्षानुवर्षं कायदा म्हणत राहिले. ‘शक्तीखाली गुन्हा दाखल करा’ असं म्हणत पक्षकार यायचे. त्यांना काय समजावणार?

सातपूरवाला

पण मूळ प्रश्न राहिला. जनसुरक्षा!

जिल्हा कोर्टातला

येतो त्याच्यावर. इंग्रजीत सेफ्टी वेगळी, सिक्युरिटी वेगळी. रस्त्यावरचा दिवा, पुलाचा कठडा, मुलीचं रात्री घरी सुखरूप येणं ही सेफ्टी. राज्याला उलथवू पाहणाऱ्यांपासून राज्याचं रक्षण ही सिक्युरिटी. मराठीत दोन्हीला सुरक्षाच. या विधेयकाच्या इंग्रजी नावात सिक्युरिटी आहे. नावाचा साचा छत्तीसगडच्या 2005 च्या कायद्याचा, ‘विशेष जन सुरक्षा अधिनियम’. तोही माओवादी संघटनांसाठीच केलेला. तिथून शब्द जसाच्या तसा इकडे आला.

आणि गोदाकाठींच्या आईंचं काही चुकलं नाही. 2015 पासून बँकांतल्या त्या विमा योजनांना ‘जनसुरक्षा’ म्हणूनच ओळखतात. अपघात विम्याचे वीस, जीवन ज्योतीचे 436. पासबुकावर तोच शब्द, कार्यअहवालावर तोच शब्द.

पंचवटीकर

आम्हा रामकुंडाजवळच्यांना विचाराल तर सुरक्षा म्हणजे गर्दी. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. आता पुढचा कुंभ तोंडावर आहे, म्हणून मी अहवालात ‘सुरक्षा’ शब्द शोधत गेलो, तर सगळीकडे संघटना आणि बंदी. आपल्याकडे ‘बंदोबस्त’ हा फार नेमका शब्द होता. पोलीस किती, कुठे उभे, रस्ता कुठून वळवला, सगळं त्यात येतं. पत्रकं लिहिणाऱ्यांना तो साधा वाटतो बहुतेक. ‘सुरक्षा व्यवस्था’ म्हटलं की भारदस्त.

जुना बातमीदार

बंदोबस्तावर सहमत. पण या विधेयकातला खरा शब्द अजून कोणी काढला नाही: तत्सम.

मूळ मसुद्याच्या दीर्घ नावात ‘व्यक्ती आणि संघटना’ यांची बेकायदेशीर कृत्यं होती. म्हणजे कोणीही एकटा माणूस त्यात येऊ शकला असता. मसुदा संयुक्त समितीकडे गेला. बावनकुळे तिचे अध्यक्ष. हरकती-सूचनांचा पाऊस पडला, बारा हजारांच्या वर. समितीने नाव बदललं आणि ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असा शब्दप्रयोग आला. व्यक्ती गेली, तत्सम आलं.

शाळेत आपण तत्सम शिकलो ते व्याकरणात. संस्कृतातून न बदलता आलेला तो तत्सम, बदलून आलेला तद्भव. तिथे तत्सम म्हणजे तंतोतंत तोच, काना-मात्राही इकडची तिकडे नाही. कायद्यात तत्सम म्हणजे त्याच्यासारखा. मग किती सारखा? विचाराने, कृतीने, की मोर्चातल्या घोषणेने? विरोधकांचा आक्षेप इथेच होता. सरकारचं म्हणणं, हे शहरी नक्षलवादासाठी आहे, सरकारवर टीका करणाऱ्यांसाठी नाही. विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने गेलं. विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी.

माझं मत विचाराल तर व्याकरणातला तत्सम कायद्यातल्या तत्समपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. ‘इत्यादी’, ‘तत्सम’, ‘अन्य प्रकारे’ हे शब्द कायद्यात दिसले की तिथे थांबून दोनदा वाचावं. नाशिकला मोर्चे नवे नाहीत. 2018 चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथूनच मुंबईला चालत गेला, तोही लाल झेंड्यांखाली. इथला माणूस हा शब्द वाचून चुळबुळ करणारच.

गोदाकाठी

‘कडव्या’ची मला गंमत वाटली. कारल्यासारखी विचारसरणी?

निवृत्त लघुलेखक

मराठीत कडवा म्हणजे चिवट, माघार न घेणारा. कडवा सैनिक ही स्तुती, कडवा विरोधक हीसुद्धा जवळजवळ स्तुतीच. टिळकांच्या काळात जहाल आणि मवाळ होते. जहाल घ्यायला हरकत नव्हती, पण त्याला मान आहे ना! ‘अतिरेकी’ म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. ‘कट्टर’ तर लोक स्वतःच्याच गाडीवर लिहून घेतात. म्हणून कडवा उरला असावा, हा माझा तर्क.

जिल्हा कोर्टातला

बातमीदारांच्या मुद्द्याला एक जोड. व्याख्येत ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’ला धोका असा भाग आहे. आपण ‘कायदा व सुव्यवस्था’ एका दमात म्हणतो, म्हणून हे दोन एकच वाटतात. सर्वोच्च न्यायालयाने राममनोहर लोहियांच्या 1965 च्या निकालात ते वेगळे केले. न्या. हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळं कल्पिली, एकात एक. सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे गल्लीत भांडले तर पहिलं वर्तुळ बिघडतं, दुसऱ्यालाही धक्का लागतोच असं नाही. मराठीत दोन्हीकडे ‘सुव्यवस्था’ आल्याने हा भेद बोलण्यात पुसला जातो, आणि स्थानबद्धतेच्या आदेशांना आव्हान दिलं की युक्तिवाद नेमका याच भेदावर होतो.

सातपूरवाला

अहवालात ‘दखलपात्र व अजामीनपात्र’ असंही आहे. म्हणजे जामीन नाहीच?

जिल्हा कोर्टातला

मिळू शकतो. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्काने मिळतो, अजामीनपात्रात न्यायालयाच्या विवेकावर. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्राचा गैरसमज तर रोजचा. ठाण्यात ‘तुमचं प्रकरण अदखलपात्र आहे’ असं ऐकून माणूस चिडतो, त्याला वाटतं आपली दखलच घेतली नाही. तसं नसतं, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतात, फक्त तपासाला न्यायालयाची परवानगी लागते.

पंचवटीकर

सगळेच कायदे असे जड नसतात हं. एमपीडीए बघा, धोकादायक गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याचा, 1981 चा. त्याच्या मराठी नावात चक्क ‘झोपडपट्टी दादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ आहेत, पुढे ‘वाळू तस्कर’ही आले. ज्याने ते भाषांतर केलं, तो चौकात उभा राहून माणसं बघत असणार. नाव वाचूनच कळतं कायदा कोणावर आहे. जनसुरक्षेचं नाव वाचून कळतं का?

जुना बातमीदार

नावातून हेतू कळावा हे मान्य, पण ‘दादा’ आज कायद्यात घालून बघा, निम्म्या राजकारण्यांना राग येईल.

सातपूरवाला

मागे पोलीस आमच्याकडच्या भाईंकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ वदवून घेत होते. बालेकिल्ल्यातलं ‘बाले’ काय?

निवृत्त लघुलेखक

फारसी ‘बाला’, म्हणजे वरचा. गडावरचा सगळ्यात उंच, शेवटपर्यंत लढवायचा भाग. बाळाशी संबंध नाही. निवडणुकीच्या बातम्यांनी त्याचा अर्थ ‘हक्काची मतं’ इतका खाली आणला होता, पोलिसांनी परत वर चढवला म्हणा.

गोदाकाठी

आणि तडीपार की हद्दपार?

जिल्हा कोर्टातला

आदेशावर हद्दपार, गल्लीत तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 55 ते 57, जास्तीत जास्त दोन वर्षं. तड म्हणजे काठ. पण गोदेच्या पलीकडे पंचवटीत जाऊन राहिलात तर ती तडीपारी धरत नाहीत, जिल्ह्याबाहेर जावं लागतं.

पंचवटीकर

आम्हाला नकोतच पलीकडचे.