जुन्या जीपचा हीटर परत बसवण्याआधी आतून साफ कसा करायचा?

डिचोलीची जीप
डॅशबोर्ड उतरवून हीटर बाहेर काढलाय. गाडीला एसी नाही, पावसात चोर्ला घाट चढताना समोरची काच धुरकटते, म्हणून हीटर चालू हवाच. कोअर, म्हणजे आतली गरम पाणी फिरायची नळ्यांची जाळी, तांब्या-पितळेचा. एका नळीत पाणी सोडलं की दुसरीतून बारीक, तांबडी धार येते. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं तर चालेल का?

तांबट
अजिबात नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पितळेतलं जस्त खातं, नळी जिथे पातळ तिथेच भोक पडतं. कॉस्टिक सोडाही नको, तो डाखाला, म्हणजे सांध्यांच्या सोल्डरला, खातो.

आधी परतीच्या नळीतून, म्हणजे उलट दिशेने, नळाच्या साध्या दाबाचं पाणी सोडा. गाळ जिथून आत शिरला तिथूनच मागे निघतो. धार स्वच्छ झाली की लिटरभर गरम पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. दोन्ही नळ्या वर करून कोअर काठोकाठ भरा. तोंडं बंद करू नका, क्षार विरघळताना वायू सुटतो. अर्ध्या तासाने ओता, पुन्हा भरा. तपकिरी पाणी येतंय तोवर काम चालू आहे. निळसर-हिरवं दिसलं की थांबा, आता तांबं विरघळतंय. शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि मग भरपूर साध्या पाण्याने धुवा.

घाटवाट
गळती बाहेरच तपासा, नाहीतर डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उतरवावा लागेल. एक नळी बुचाने बंद, दुसरीतून सायकलच्या पंपाने 15 पीएसआय हवा, जास्त नको. कोअर पाण्यात बुडवा. पहिले बुडबुडे फिन्समध्ये (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत) अडकलेल्या हवेचे असतात, ते झटकून मग दहा मिनिटं बघा.

खाऱ्या हवेने फिन्सवर हिरवा थर चढतो. मऊ ब्रशने काढा, प्रेशर वॉशर मारलात तर फिन्स आडव्या होतात. कडेचा कुजलेला फोमही बदला, नाहीतर हवा कोअरला वळसा घालून जाते आणि काचेवर गारच येते.

डिचोलीची जीप
दोनदा सायट्रिक झालं, गळती नाही. पण गरम पाणी ओतून हात फिरवला तर कोअरमधल्या कडेच्या दोन नळ्या गार लागतात.

तांबट
मग त्या पूर्ण बुजल्यात, तिथे पाणी पोचतच नाही, तर अ‍ॅसिड कुठून पोचणार? रेडिएटरवाल्याकडे न्या. तो कोअरच्या टोकाच्या टाकीचा डाख सोडवून पातळ पट्टी घालून नळ्या मोकळ्या करेल आणि टाकी परत झाळेल.

बसवताना होज (रबरी पाइप) नवे घ्या. बोअरवेलचं पाणी भरू नका, त्यातले क्षार परत तिथेच बसतील. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. भरताना हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि गाडीचं तोंड चढावर ठेवा, म्हणजे आतली हवा रेडिएटरच्या तोंडातून निघेल. इंजिन गरम झाल्यावर हीटरचे दोन्ही होज हाताला गरम लागले पाहिजेत. एकच गरम असेल तर आत अजून हवा आहे.