मदत हवी आहे: मानेतली द्रवाने भरलेली गाठ, एफएनएसीत (सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर दिसला नाही, पुढे काय?
रुग्ण ५२ वर्षांचा. उजव्या जबड्याच्या कोनाखाली (लेव्हल २) ३ सेंमीची, न दुखणारी गाठ. सोनोग्राफीत आत द्रव, एका बाजूची भिंत जाड. एफएनएसीत मोजक्या स्क्वॅमस (चपट्या) पेशी, रिपोर्ट 'ब्रँकियल सिस्ट' (मानेतली जन्मजात, साधी गाठ). चाळिशीनंतर हे निदान मला पटत नाही. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) कॅन्सरची मानेत पसरलेली गाठ अशीच दिसते, आणि द्रवात पेशी विरळ असल्याने सुई फसवते. म्हणून सोनोग्राफीत बघत जाड भिंतीतूनच पुन्हा सुईने नमुना घेऊन पी१६ (एचपीव्ही कॅन्सरची खूण असलेल्या प्रथिनाची चाचणी) करणार आहे. गाठ कापून तुकडा काढणं नकोच.

तोही निगेटिव्ह आला तर? बायोप्सीच्या जखमेने पेट-सीटी (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते शोधणारा स्कॅन) फसू नये म्हणून स्कॅन आधी, हे नक्की. पण त्यानंतर मूळ कॅन्सर शोधायला आधी टॉन्सिल काढता, की गाठ अख्खी काढून फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच केलेली तपासणी)? आणि टॉन्सिल एकच की दोन्ही?