मदत हवी आहे : आजी केअर होममधे आहे, भेटायला गेलं की बोलतच नाही

टिपकागद
तीन रविवार झाले जातोय, आता डोकं चालेनासं झालं म्हणून इथे लिहितोय. आजीला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात आहे, गेल्या महिन्यात केअर होममधे ठेवलंय. मी गेलो की ती खुर्चीत नुसती बसलेली, समोर बघत, चेहरा असा की जणू मी वीजबिल द्यायला आलोय. कशी आहेस गं म्हटलं तर उत्तर नाही, आणि दिलंच तर इतकं हळू की हॉलमधल्या टीव्हीत विरून जातं. तासभर मीच बडबडतो, ऑफिस, मांजर, खालच्या काकूंचं पार्किंगवरून भांडण, सगळं सांगून संपतं. आणि मी उठलो, बूट घालायला लागलो की बरोब्बर तेव्हाच हिचं सुरू, हात धरते, थांब ना, मला घरी ने, शेजारच्या खोलीतली बाई अशी आणि तशी. म्हणजे बोलता येतंय ना! मग तासभर काय झालं होतं? मागच्या रविवारी तर तिला आवडतो म्हणून गवळ्याला आठवडाभर आधी सांगून चीक मिळवला, आईने खरवस केला, तो घेऊन गेलो. दोन वड्या आवडीने खाल्ल्या आणि निघताना तेवढंही बोलली नाही, मान फिरवून बसली. आई म्हणते रागावलीये, बाबा म्हणतात विसरायला लागलीये.
तर प्रश्न एवढाच की भेटायला गेल्यावर तिच्याशी काय बोलावं, काय करावं, काय न्यावं. रविवारी परत जायचंय, लवकर सुचवा. आणि प्लीज "तिला वेळ द्या" असं सांगू नका, वेळच देतोय.

खडूस_काका
आधी एक सांगा, ठेवलीत कशाला तिथे? आमच्या आजीला शेवटपर्यंत घरात सांभाळली, चाळीत दोन खोल्या होत्या तरी.

टिपकागद
काका, तुमच्या चाळीत दहा माणसं होती. आमच्याकडे दिवसा घरात कोणीच नसतं. दोनदा बाथरूममधे पडली, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. ब्यूरोच्या चार मावश्या वर्षात बदलल्या, शेवटची तर न सांगता गावी गेली. यावर मला चर्चा नकोय.

चहाबाज
कुठलं केअर होम? पुणे की मुंबई? फी किती घेतात? आमच्या सासूबाईंसाठी बघतोय.

टिपकागद
पुणे. म्हणजे तळेगावच्या पुढे. नाव इथे नको, फीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

शेवंता_कुलकर्णीवाडा
आजींच्या हाताला काम द्या हो. कापूस न्या, वाती वळू द्या, फुलवाती तर गप्पा मारता मारता शंभर होतात. नाहीतर मटार सोलायला न्या. आमच्या आई नव्वदीतसुद्धा श्रावणात लाख वाती करायच्या, हात रिकामा असला की माणूस खचतो.

सांधेदुरुस्ती
मी फिजिओ आहे. शेवंताताई, हात थरथरत असताना वात वळायला देणं म्हणजे "बघ तुला जमत नाही" हे तिला दर रविवारी दाखवणं आहे. टिपकागद, तुम्ही ज्याला राग म्हणताय तो राग नसावा. पार्किन्सन्समधे चेहऱ्याचे स्नायूसुद्धा कडक होतात, हसू आतून येतं पण चेहऱ्यावर उमटत नाही. आवाजही खाली जातो आणि त्यांना स्वतःला वाटतं की आपण नीट बोलतोय. टीव्ही बंद करायला सांगा, समोर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, एक प्रश्न विचारा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक नातेवाईक तीनवर पुढचा प्रश्न विचारतात.
आणि चालताना दारात पाय चिकटतात का? तसं असेल तर फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारून घ्या, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. शिवाय बुटांचे सोल रबराचे फार पकडणारे नकोत. शिवाय

चहाबाज
फिजिओसाहेब, चालण्याचं कुणी विचारलंय 😀

सांधेदुरुस्ती
विचारत नाहीत म्हणूनच पडतात.

वैद्यबुवा_हौशी
कंपवातावर कवचबीज म्हणजे खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण, सकाळ संध्याकाळ दुधातून. ऋषीमुनींनी सांगून ठेवलेलं आहे. माझ्या मित्राचे वडील सहा महिन्यांत चालायला लागले. त्या इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद करा.

निवृत्त_सिस्टर
गोळ्या बंद अजिबात करू नका. या आजारात त्या अचानक थांबवल्या तर माणूस लाकडासारखा कडक होऊन दवाखान्यात पोचतो, मी वॉर्डात पाहिलंय. आणि वैद्यबुवा, खाजकुयलीत मुळात लेव्होडोपाच असतं, जे गोळीत आहे तेच. वरून चूर्ण दिलं की डोस किती झाला हे ना तुम्हाला कळणार ना डॉक्टरला.
टिपकागद, बाळा, तू किती वाजता जातोस भेटायला?

वैद्यबुवा_हौशी
म्हणजे आयुर्वेदाला हजारो वर्षं आधी माहीत होतं हे तुम्हीच कबूल केलंत.

निवृत्त_सिस्टर
केलं कबूल. चूर्ण तरीही नको.

टिपकागद
४ ते ५:३० भेटीची वेळ आहे, मी चारलाच पोचतो. पण वेळेचा काय संबंध? मी बोलायचं काय ते विचारतोय.

निवृत्त_सिस्टर
गोळ्या कोणत्या आणि किती वाजता?

टिपकागद
ते सगळं तिथले लोक बघतात, त्यांच्याकडे फाइल दिलीये.

निवृत्त_सिस्टर
फाइल गिळता येत नाही रे. वेळा विचारून सांग.

मोडक_तळेगाव
तळेगावला जात असाल तर लोकलने जा, कार नेऊ नका, रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्यांची जुन्या हायवेला नुसती रांग असते. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते.

खडूस_काका
हल्ली ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आहे. २०२२ पासून.

चहाबाज
काका, आजींना नाही, नातवाला जायचंय.

खडूस_काका
मग आजींना घरी आणताना उपयोगी पडेल.

लेस्टरचा_पांडू
सिस्टर वेळ का विचारतायत ते मला कळलं. इकडे इंग्लंडमधे पार्किन्सन्स यूके या संस्थेची गोळी वेळेवर मिळण्यासाठी मोहीम आहे, "गेट इट ऑन टाइम" नावाची, आणि हॉस्पिटल केअर होमसाठी निकष आहे की लेव्होडोपा ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळालीच पाहिजे. तरी माझ्या सासऱ्यांच्या वेळी मला रोज वॉर्डात भांडायला लागलं. नर्स म्हणायची अर्ध्या तासाने काय होतंय. अर्ध्या तासाने माणूस पलंगावरून उठू शकत नाही, हे होतंय!

टिपकागद
ओके, आत्याला फोन केला, घरी असताना तीच बघायची. सिंडोपाच्या दिवसाला चार गोळ्या. घरी ७, ११, ३, ७ अशा होत्या, आत्याने मोबाईलला चार अलार्म लावले होते आणि आम्ही त्यावरून तिची चेष्टा करायचो. केअर होमला विचारलं तर ते म्हणाले चारच देतोय, नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचं जेवण, प्रत्येकाच्या नंतर. म्हणजे ८:३०, १२:३०, ४:३०, ८. संख्या तीच आहे मग बिघडलं काय?

निवृत्त_सिस्टर
आता नीट वाच. सिंडोपा म्हणजे लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. मेंदूत हालचालींसाठी लागणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी झाल्यात, ती कमतरता ही गोळी थोड्या वेळापुरती भरते. आजार जुना झाला की एका गोळीचा असर तीनचार तासांत उतरतो. असर असतो तेव्हा माणूस बोलतो, चालतो, उतरला की पुतळा. डॉक्टर लोक ऑन आणि ऑफ म्हणतात. ती १२:३० ची गोळी चारला उतरलेली असणार, पुढची साडेचारला, तीही चहाबिस्किटांनंतर, म्हणजे लागू पडायला पाच सव्वापाच. तू चारला जातोस आणि सव्वापाचला बूट घालतोस. तू उठलास म्हणून ती बोलत नाही रे, ती बोलायला लागते तेव्हा तू उठतोस.
आजार किती वर्षं आहे ते सांगितलं नाहीस. नऊदहा असतील तर हे फारच जुळतंय.

टिपकागद
नऊ.
एक मिनिट, मग खरवसाच्या दिवशी?

निवृत्त_सिस्टर
खरवस म्हणजे नुसतं प्रोटीन. लेव्होडोपा आतड्यातून आत जायला जी वाट वापरते तीच प्रोटीनची. दोघं एकदम आले की गोळी रांगेत मागे राहते. चारला दोन वड्या आणि साडेचारला गोळी, म्हणजे त्या दिवशी ती तू गेल्यावर कधीतरी लागली असेल. सगळ्यांना इतका फरक पडत नाही, पण गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने द्यावी म्हणतात ते यासाठी. जेवणावर लगेच नाही.

शेवंता_कुलकर्णीवाडा
अगंबाई, खरवसात गूळ घातला होता का साखर? गुळाचा असेल तर बाधत नाही.

सांधेदुरुस्ती
गुळाचा संबंध नाही ताई. सिस्टरशी सहमत, फक्त सगळं गोळीवर ढकलू नका. नवीन जागा, नवीन माणसं, उदासीनता हे सगळं या आजारात असतंच, डिप्रेशन तर खूप जणांना असतं. आणि एकाएकी फारच गोंधळल्यासारख्या वाटल्या तर लघवीचं इन्फेक्शन तपासा, म्हाताऱ्या माणसांत ते असंच दिसतं.
खायला काय नेता अजून?

टिपकागद
खारी, बाकरवडी. तिला चहात बुडवून आवडते.

सांधेदुरुस्ती
खारी बंद. भुगा घशात अडकतो. खाताना ठसका लागतो का हे तिथल्या बायकांना विचारा, लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

निवृत्त_सिस्टर
आणि उलटी, मळमळ झाली तर पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल देऊ नका असं फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही, त्यांनी हा आजार वाढतो. रात्रपाळीचा मुलगा कपाटात जे सापडेल ते देतो.
गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नकोस, न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून आण. चार दिवस वही ठेवायला सांग, किती वाजता गोळी, किती वाजता बोलली. डॉक्टरला त्यावरूनच कळतं.

खडूस_काका
घरी आत्याचे अलार्म होते. तिथे गोळ्या वाटायची ट्रॉली आहे. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

लेस्टरचा_पांडू
काका, घरी मनगट मोडलं होतं. वाचा हो.

बकुळ_२
पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे दोघांसाठी. माझे बाबा जायचे, पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत बसून राहिले होते, नंतर आम्हालाच घाई करायचे. नातवाने एकट्याने गेलं तरी चालेल. आजी आधी काय करायच्या? त्यावरून बोलायचं सुचेल.

टिपकागद
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिसरी चौथीला. अक्षर एकदम सुंदर होतं, आता दुधाच्या हिशोबाच्या वहीत मुंगीएवढं झालंय.

बकुळ_२
मग पाढे! पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊण पटीचे. मोठ्याने, वर्गात म्हणतात तसे. बाबांच्या स्पीच थेरपीत "मोठ्याने बोला" एवढंच असायचं आणि ते कंटाळायचे, पण परवचा म्हणायला लावली की आवाज आपोआप वर यायचा.

*(सोमवार)*

टिपकागद
काल जाऊन आलो. आधी फोन करून मॅनेजरना विनवलं, सकाळी दहाची खास परवानगी काढली, खरवस नाही, खारी नाही, पिकलेली पपई घेऊन गेलो. मॅनेजर म्हणाले एका पेशंटसाठी ट्रॉली वेगळ्या वेळेला फिरवता येत नाही, डॉक्टरचं लेखी आणा मग बघू. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीये. वही एका मावशींना दिलीये, त्या लिहितायत, अकरा वाजता "आजी हासली" असंही लिहिलंय.
दहाला गेलो तर आजी खिडकीपाशी उभी होती. उभी! वॉकर धरून. चेहरा तसाच कोरा, पण मी दहापर्यंत मोजत बसलो आणि आठवर म्हणाली, दाढी कर. मग मी पाऊणकी काढली, मला येत नाहीच, मुद्दाम विचारलं चौदा पाऊण किती, तर ताडकन साडेदहा. हॉलमधे पलीकडे एक आजोबा होते ते लांबून म्हणाले पंधरा पाऊण सव्वाअकरा, मग ते दोघंच सुरू झाले आणि मी आपला मधे बसलोय. आवाज चांगला दारापर्यंत येत होता. शेजारच्या खोलीतली बाई हिची साबणाची वडी वापरते हे खरं आहे म्हणे, मला वाटलं होतं भ्रम असेल, मावशी म्हणाल्या खरंच वापरते.
मग साडेअकराला मी निघतो म्हटलं. तिने हात नाही धरला. शांतपणे म्हणाली, बघ मी चालते, बोलते, पाढे येतात, मग इथे कशाला ठेवलंय मला. आधी ती "घरी ने" म्हणायची ते मी आजारावर ढकलायचो. आता तेही करता येत नाही. मी काहीतरी पुटपुटलो, पुढच्या रविवारी येतो वगैरे. याला काय उत्तर देतात ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_सिस्टर
खोटं नको सांगूस एवढंच सांगेन. "थोडे दिवस" वगैरे म्हणू नकोस, ती दिवस मोजेल. दोनदा पडलीस आणि उचलायला कोणी नव्हतं हे सरळ सांग. रडली तर रडू दे. आणि गुरुवारी आत्याला बरोबर ने, तिला वेळा पाठ आहेत.

शेवंता_कुलकर्णीवाडा
एखादं दिवस घरी आणा ना जेवायला, दुपारच्या गोळीचं बघून.

सांधेदुरुस्ती
आणा, पण बाथरूममधे दांडी लावल्याशिवाय नको.

खडूस_काका
एसटी फुकट आहे.

चहाबाज
फीचा व्यनि अजून आला नाही.