ब्राउझर मागच्या आवृत्तीवर नेताना काय झालं? अनुभव सांगा

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गेल्या जूनमध्ये एका प्रवेश अर्जाची शेवटची तारीख होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी फायरफॉक्स आपोआप अपडेट झाला होता आणि तेव्हापासून प्रिंट उजवीकडून कापली जात होती. अर्ज क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कागदावर उमटतच नव्हते. मुलगी समोर उभी, तिचे वडील विडी घरकुल वसाहतीतून अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेले, आणि मी तिसऱ्यांदा तोच कागद काढतोय.

शेवटी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साठ्यातून आधीची आवृत्ती उतरवून घेतली. (फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्या मोझिला स्वतः सांभाळून ठेवते, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.) ती टाकली, उघडली, तर एक खिडकी आली. तुम्ही जुनी आवृत्ती सुरू केली आहे, तिच्यामुळे साठवलेले बुकमार्क आणि इतिहास बिघडू शकतात, त्यापेक्षा नवीन प्रोफाइल तयार करा, असा मजकूर. (प्रोफाइल म्हणजे आपले बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग जिथे राहतात तो फोल्डर.) खाली दोन बटणं. मी घाईत पहिलं दाबलं आणि ब्राउझर कोरा करकरीत उघडला. सहा वर्षांचे बुकमार्क, पोर्टलांचे पासवर्ड, काहीच नाही. त्या मुलीची प्रिंट मात्र नीट आली.

खरं तर गेलं काहीच नव्हतं, हे रात्री कळलं. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून ही सोय आहे. जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीच्या माहितीला हात लावत नाही, शेजारी वेगळं प्रोफाइल उघडते. मी नवी आवृत्ती परत टाकली, पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' लिहिलं, यादीतलं आधीचं प्रोफाइल उघडलं आणि सगळं जागच्या जागी दिसलं. मग बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये काढून घेतले, जुन्या आवृत्तीत भरले, अपडेट बंद केलं आणि आजवर त्याच आवृत्तीवर काम चाललंय.

पण त्या रात्रीपर्यंतचे आठ तास मी विसरू शकत नाही. आपल्याकडे कारखान्यांची ऑफिसं, पतसंस्था, अभ्यासिका, सगळीकडे जुनी मशीनं आहेत आणि ब्राउझर मागे न्यायची वेळ कुणावरही येते. तुम्ही कशासाठी मागे गेलात, काय अडलं, पुन्हा वर आलात का, सविस्तर लिहा. मागे जाण्याआधी प्रोफाइलची प्रत काढायची असते, एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कंत्राटदाराकडे टेंडरचं काम पाहणारा, होटगी रोड

दादा, तुमचे आठ तास, माझे दोन दिवस. एका निविदा पोर्टलवर डिजिटल सही जावाच्या अ‍ॅपलेटमधून व्हायची. अशा पानाच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे वरून बसवलेली जोडणी, लागायची. क्रोमने तसले प्लगइन सप्टेंबर २०१५ मध्ये, ४५ व्या आवृत्तीत कायमचे बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकीचे बंद केले, पण ५२ च्या ईएसआर आवृत्तीत, म्हणजे संस्थांसाठी जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत, ते चालू ठेवले. म्हणून टेंडर भरणारे बरेच जण ५२ ईएसआर धरून बसलेले असायचे.

मी ५२ ईएसआर टाकला, जावा टाकला, तरी सहीची चौकट करडीच्या करडी. सहीचं यूएसबी डोंगल काढ, लाव, दुसऱ्या पोर्टला लाव. रात्री साडेनऊला साहेबांचा फोन, "झालं का बे अपलोड?" दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की फायरफॉक्स ३२ बिटचा आणि जावा ६४ बिटचा. दोन्ही एकाच बिटचे लागतात. ३२ बिटचा जावा टाकल्यावर पहिल्या झटक्यात सही झाली.

तेव्हापासून एक जुना लॅपटॉप बाजूला काढला, झाकणावर मास्किंग टेप लावून मार्करने 'फक्त टेंडर' असं लिहिलं. त्यावर मेल नाही, बँक नाही, पेनड्राइव्हसुद्धा नाही. पुढे पोर्टलने सहीसाठी वेगळा प्रोग्रॅम दिला आणि तो लॅपटॉप कपाटात गेला. टेप अजून तशीच आहे.

टॉवेल कारखान्याच्या ऑफिसमधून, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आमच्या शेडमधल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, जुना आहे. त्याचं पान अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालतं, ते मायक्रोसॉफ्टचं जुनं तंत्र, म्हणजे फक्त त्यांच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरमध्ये चित्र दिसणार. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार संपला आणि पुढे तो उघडायला गेलं की एज, म्हणजे त्यांचा नवा ब्राउझरच उघडायला लागला. मालक म्हणाले, जुना एक्सप्लोरर परत आणा. मी चार दिवस त्याच्याच मागे होते.

मागे जायची गरजच नव्हती. एजच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' या भागात इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे. तो चालू करायचा आणि डीव्हीआरचा पत्ता खालच्या यादीत घालायचा. मायक्रोसॉफ्टने हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवणार असं सांगितलंय. फक्त एक ध्यानात ठेवा, यादीतला पत्ता ३० दिवसच टिकतो. पहिल्यांदा महिन्याने चित्र गेलं तेव्हा मी वायरमनला बोलावून सगळ्या केबल तपासून घेतल्या होत्या. आता पगाराच्या दिवशीच पत्ता पुन्हा घालते, म्हणजे विसरत नाही.

शिक्षिका, जुळे सोलापूर

माझा अनुभव मोबाईलचा आहे, चालेल ना? २३ मार्च २०२१, मंगळवार. तास ऑनलाइन चालू होते. सकाळी मेल उघडावा तर बंद, दुसरं अ‍ॅप उघडावं तर तेही बंद. मुलांचेही तेच निरोप, "मॅडम, अ‍ॅप उघडंना." मला वाटलं फोन गेला. घरात दुसरा फोन घ्यायची ती वेळ नव्हती, यजमानांचा पगार निम्म्यावर आला होता.

शेजारच्या मुलाने सांगितलं की वेबव्ह्यूचं अपडेट बिघडलंय. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवायला अँड्रॉइडमध्ये हा एक छोटा ब्राउझरच असतो, तो कोसळला की त्याच्यावर विसंबलेली अ‍ॅपही कोसळतात. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी, त्यात 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू', वरच्या तीन टिंबांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. एवढं केलं आणि दहा मिनिटांत वर्ग सुरू झाला. हेच मी वर्गाच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट काढून टाकलं, पालकांनी एकमेकांना शिकवलं. एक-दोन दिवसांनी दुरुस्त केलेलं अपडेट आल्यावर सगळ्यांना ते परत घ्यायलाही सांगितलं. ही दुसरी सूचना पहिलीइतकीच गरजेची होती.

सीए ऑफिसमधला आर्टिकल, विजापूर रोड

क्रोमला साठा नाही. सर्वसाधारण वापरणाऱ्यांसाठी जुन्या आवृत्त्यांचं अधिकृत पान नसतं. कंपनीच्या व्यवस्थापनाखालच्या मशीनवर धोरण लावून मागे नेता येतो, आपल्यासारख्यांना नाही. मी एका भलत्याच साइटवरून जुना क्रोम उतरवला, त्याच्यासोबत जाहिरातींचा प्रोग्रॅम आत आला. रिटर्नच्या हंगामात अख्खं मशीन फॉरमॅट करावं लागलं. फायरफॉक्सचं मोझिलाकडूनच घ्या आणि क्रोम मागे न्यायच्या फंदात पडू नका.

अभ्यासिका चालवणारा, पार्क चौक

आमच्याकडे मागे नेणं नाही, मागेच अडकणं आहे. दहा मशीन, सगळी विंडोज ७ वर. जानेवारी २०२३ चा क्रोम १०९ हा त्यांच्यासाठी शेवटचा. एमपीएससीचा अभ्यास करणारी गावाकडची पोरं इथे येतात, नवी मशीन घेण्याइतकी फी मी लावू शकत नाही. शेवटी फायरफॉक्स ११५ ईएसआर टाकला. विंडोज ७ साठी तोही शेवटचाच, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला क्रोमनंतर कितीतरी दिवस मिळत राहिल्या, मोझिलाने मुदत एकदा नाही, अनेकदा वाढवली. त्या वाढलेल्या मुदतीत मी पाच मशीन लिनक्सवर नेली. उरलेल्या पाचांवर 'इथे बँकेचं काम करू नये' असा कागद चिकटवलाय.

पूर्व भागातून, कन्ना चौकाजवळ

माझे वडील, आम्ही नान्ना म्हणतो, गिरणीतून निवृत्त झालेले. रोज तेलुगू पेपर नेटवर वाचायचे आणि आवडलेलं पान छापून फाइलला लावायचे. इंग्रजी त्यांना येत नाही, पण मेनूतलं प्रिंटरचं छोटं चित्र ओळखायचे. जून २०२१ मध्ये फायरफॉक्स ८९ आला आणि मेनूतली सगळी चित्रं गेली, नुसते इंग्रजी शब्द राहिले. मी संध्याकाळी घरी आले तर नान्ना संगणक बंद करून खाटेवर बसलेले. "मला आता जमणार नाही, राहू दे," म्हणाले. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस एवढ्याशा चित्रासाठी वाचन सोडून देतोय, हे मला सहन झालं नाही.

मी त्यांना ७८ ईएसआरवर नेलं. जुनं रूप आणि सुरक्षेची अपडेटही चालू, त्यामुळे धाकधूक नव्हती. धागाकर्त्याला आलेली खिडकी मलाही आली, नवं प्रोफाइल घेतलं. नान्नांचे बुकमार्क चारच होते, हाताने टाकले. पण ती मुदत ऑक्टोबरात संपणार होती. तेवढ्या महिन्यांत मी दुसरं केलं, 'कस्टमाइझ टूलबार'मधून प्रिंटरचं बटण ओढून वरच्या पट्टीवर आणून ठेवलं. पहिला आठवडा त्यांना बटण दोन ठिकाणी दिसत होतं, मेनूतही आणि वरही. मग ते आपणहून वरचं दाबू लागले. ९१ आला तेव्हा त्यांना काही बदललेलं जाणवलंच नाही. कुणाच्या घरी असं माणूस असेल तर आधी त्याच्या शेजारी बसून तो कुठे दाबतो ते बघा, आवृत्तीचं नंतर.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, केगाव

सर, धागा सुरू करणाऱ्यांना एक विनंती आहे, रागावू नका. जूनपासून अपडेट बंद ठेवून तुम्ही त्याच ब्राउझरमधून लोकांचे आधार, बँकेची माहिती भरताय. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मोझिला कोणती भोकं बुजवली त्याची यादी जाहीर करते. म्हणजे तुमच्या आवृत्तीत काय उघडं आहे ते सगळ्या जगाला वाचायला मिळतं. दुकानात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे कळायचा मार्ग नाही.

शिवाय जुनी आवृत्ती एक दिवस स्वतःच अडते. माझ्या मामांनी एका एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, फायरफॉक्स १०२ धरून ठेवला होता. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं, एक्स्टेन्शन खरं आहे का हे ब्राउझर त्याच्यावरून तपासतो. १२८ च्या आधीचे, आणि ईएसआरमध्ये ११५.१३ च्या आधीचे, सगळे त्यात सापडले. ज्या एक्स्टेन्शनसाठी थांबले तेच बंद पडलं.

मागे जायचंच असेल तर प्रत अशी काढा. मेनूत हेल्प, 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर 'ओपन फोल्डर'. ब्राउझर बंद करून तो अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. नुसती पासवर्डची 'लॉगिन्स' फाइल उचलून भागत नाही, तिची किल्ली 'की ४ डॉट डीबी' या फाइलमध्ये असते. आणि जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

पण त्याआधी एकदा ट्रबलशूट मोडमध्ये प्रिंट काढून बघितली होती का? हेल्पमध्येच आहे तो. त्यात एक्स्टेन्शन तात्पुरती बंद होतात. अपडेटच्या दिवशी बिघडलं म्हणजे अपडेटनेच बिघडलं असं नसतं.

धागाकर्ता

रागावलो नाही, उलट बरं झालं बोललात. नव्हती बघितली. काल शटर खाली ओढून बसलो. अख्खा प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, ताजी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली, आधीच्या प्रोफाइलवर तोच अर्जाचा नमुना उघडला. प्रिंट कापलेलीच. मग ट्रबलशूट मोड. प्रिंट पूर्ण, उजवीकडचे आकडे अगदी स्पष्ट. एकेक एक्स्टेन्शन बंद करत गेलो, चौथ्याला सापडलं. पान मोठं करून दाखवणारं होतं, मीच बसवलेलं, चष्मा बदलायच्या आधी. जूनमध्ये कोऱ्या प्रोफाइलात ते नव्हतं, म्हणून तेव्हा प्रिंट नीट आली.

ते काढलं. रात्री सव्वाअकराला दुकानातली तिन्ही मशीन ताज्या आवृत्तीवर आहेत आणि अपडेट पुन्हा चालू केलंय. एमआयडीसीतल्या ताई, तुमचा ३० दिवसांचा मुद्दा आमच्या गल्लीतल्या सराफांना आजच सांगतो, त्यांचाही डीव्हीआर महिन्या-महिन्याला जातो. बाकीच्यांनी लिहीत राहा, पतसंस्थेतल्या कुणाचाच अनुभव अजून आलेला नाही.