हेडलाईटच्या एच4 खोबणीत एलईडी कोंबणाऱ्यांनो, समोरच्यालाही डोळे असतात

कशेडीवाला :
परवा इथे एकाने लिहिलं, "जुन्या गाडीचे पिवळे बल्ब फेका, दीड हजारात एलईडी टाका, रात्रीचा दिवस होतो." खाली सगळे 'कुठे मिळेल' म्हणून तुटून पडलेत. होतो ना दिवस, पण तुमचा. समोरच्याची अमावास्या होते. गेल्या शनिवारी महाड सोडल्यावर एका गाडीने डीपरवर, म्हणजे खालच्या उजेडावर, असूनही असं दिपवलं की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दिसेना. गाडी थांबवून डोळे चोळत बसलो.
एच4 म्हणजे जुन्या गाड्यांचा हॅलोजन बल्ब, त्यात दोन तारा असतात, एक अपरची (लांबच्या उजेडाची), एक डीपरची. डीपरच्या तारेखाली इवलीशी वाटी असते, ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर उजेड पडू देत नाही, म्हणून वरचा अंधार अंधारच राहतो. रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब त्या तारेच्या जागेवर. एलईडीत तार नाही, पट्टीच्या दोन बाजूंना चिपा. पट्टी जाड निघाली किंवा चिप मिलिमीटरभर सरकली की उजेड फाकलाच. खोबणीत बसला म्हणजे जमला असं नसतं.

रातकिडा :
ते लिहिणारा मीच. आठवड्यातून दोनदा कोल्हापूर-पुणे रात्री करतो. माझ्या जुन्या वॅगनआरचे 60/55 (अपर 60 वॅट, डीपर 55) म्हणजे देवघरातली समई. एलईडीला दीड वर्ष झालं, समोरून एकानेही अपर-डीपर करून टोकलं नाही. काका, तुम्ही गणपतीला आणि शिमग्याला गाडी बाहेर काढणार, आणि आम्हाला वाटी शिकवणार.

कशेडीवाला :
टोकलं नाही कारण दिपलेल्या माणसाचे दोन्ही हात स्टीअरिंगला चिकटलेले असतात. आणि काका कुणाला म्हणतोस?

आंबोलीकर :
जुलैच्या धुक्यात तो 6000 केल्विनचा, निळसर पांढरा एलईडी घेऊन आंबोलीत या. बॉनेटपुढे कुणी ओली चादर टांगलीय असं वाटतं. मीही हौसेने लावलेले, दुसऱ्याच रविवारी जुने हॅलोजन परत चढवले. शिवाय एलईडीच्या मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी नीट बसेना, लॅम्पात दव धरलं. आणि ते निळ्या काचेचे 'झेनॉन लुक'वाले तर घेऊच नका. काच निळी म्हणजे उजेड गाळून देणार, वर पैसे जास्त.

डीपर-मास्तर :
31 वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, दोघांचंही ऐकलं. आता माझं ऐका. लोक येतात, "मास्तर, 100/90 टाका." टाकतो, पण रिले (बॅटरीतून थेट बल्बला करंट देणारा स्विच) आणि जाड वायरिंगशिवाय नाही. डीपरला दोन बल्ब मिळून साधारण 9 अँपियर लागायचे, ते 15 वर जातात, आणि सगळा करंट जुन्या स्विचमधून. एक गिऱ्हाईक "रिले नको, खर्च नको" म्हणून दुसरीकडे गेलं. दोन महिन्यांनी वितळलेला होल्डर खिशातून काढून दाखवायला आलं.
आता गंमत ऐका. त्याच रिलेवर साधा 60/55 लावून बघा. जुन्या वायरीत एक व्होल्ट पडला तर हॅलोजनचा जवळपास पाव उजेड जातो. निम्म्या गाड्यांना बल्ब नको असतो, वायर हवी असते. उरलेल्यांची काच पिवळी पडलेली. पॉलिश करा. आणि नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून बल्ब लवकर जातो.

रातकिडा :
मास्तर, तुमचं पटतं. काकांचं पटत नाही.

माळावरचा :
तुम्ही बल्ब-बल्ब करत बसा. उसाचं गाळप सुरू झालं की आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तिथे कुठलाही बल्ब लावा, काय दिसणार? मागच्या डिसेंबरात माझा चुलतभाऊ अशाच ट्रॉलीखाली गेला असता. तो डीपरवर होता, समोरून एक अपरवाला आला, आणि मधल्या काळोखात ट्रॉली.

कारखान्याचा_शेजारी :
सगळं शेतकऱ्याच्याच माथी मारा. रिफ्लेक्टर लावतात की. हंगामाच्या सुरुवातीला नारळ फुटतो, पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतो.

माळावरचा :
आणि मग ऊस दोन फूट बाहेर लोंबतो, पट्टी झाकली जाते! चिकटवली की जबाबदारी संपली का?

कारखान्याचा_शेजारी :
ट्रॉलीचा मालक वेगळा, ट्रॅक्टरवाला वेगळा, तोडणीवाला रात्री दोनला रांगेत उभा. एसीत बसून बोलायला काय जातं? तुमच्या चहातली साखर काय दिवसा चालत येते?

माळावरचा :
एसी कुणाच्या घरात? माझीही चार एकर लागण आहे. मी स्वतः मागे लाल कंदील बांधतो, चाळीस रुपयांचा.

आंबोलीकर :
हेडलाईटचा विषय होता मंडळी.

माळावरचा :
हेडलाईटचाच आहे. ट्रॉलीला मागचा लाल दिवा असता तर मागून येणाऱ्याला एलईडीची हौस लागली नसती.

कशेडीवाला :
हे मात्र खरं. पण म्हणून बेकायदा बल्ब कायदेशीर होत नाही. गाडीत परस्पर बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार.

रातकिडा :
आधी ट्रॉलीला लावा म्हणावं ते कलम.

डीपर-मास्तर :
भांडू नका. रातकिडेराव, भिंतीसमोर सपाट जागी 10 मीटरवर गाडी लावा, डीपर टाका. उजेडाची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली हवी, डावीकडे थोडी वर चढली तर चालते. कडाच दिसत नसेल, नुसता धुरळा असेल, तर बल्ब काढा. दिवा 65 सेंटीमीटर उंच धरला तर ती कडा 65 मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी 80 ने ते तीन सेकंदांत संपतात, म्हणून जास्त वर करायचा मोह होतो. करू नका.

रातकिडा :
केलं. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर, वॉचमन बघत होता. डावा बरोबर आहे. उजवा वीसेक सेंटीमीटर वर निघाला. स्क्रू फिरवून खाली घेतला. बल्ब काढणार नाही, आधीच सांगतो.

कशेडीवाला :
म्हणजे दीड वर्ष उजवा वर होता. समोरून येणाऱ्याच्या बाजूचा. अभिनंदन.

रातकिडा :
बरं, चुकलं. आता तुमचाही भिंतीवर टाकून बघा, काका.

कशेडीवाला :
रविवारी बघतो. काच थोडी पिवळी आहे माझी.

माळावरचा :
आणि ट्रॉलीचं काय ठरलं?